दोन डोसांच्या मधे

प्रिय वहिनी,

तुला अजून वहिनी म्हणावं की नाही, यावर पेन हातात धरून मी बराच वेळ घालवला. पुढच्या महिन्यात तुझं लग्न. मग तू दुसऱ्याच कुणाची तरी वहिनी होशील. पण तुला नावाने हाक मारायला गेलं की माझी जीभ अडखळते, तेव्हा माझ्यापुरती तू वहिनीच. तुझ्या होणाऱ्या नवऱ्याला सांगून ठेव, सामानाबरोबर एक जुनी नणंदही येणार आहे, आणि ती भयंकर बडबडी आहे.

तुझं पत्र मी हॉस्पिटलच्या जिन्यात बसून वाचलं. आनंद झाला गं. खरंच झाला. दादा गेल्यापासून तू त्या लांबच्या गावात एकटीच दिवा लावतेस आणि एकटीच मालवतेस, हे मला कधी कधी पोहताना मधेच आठवायचं आणि दम तुटायचा. उत्तर लगेच लिहायचं होतं. पण आमच्याकडे जे चाललं होतं ते बाजूला ठेवून नुसतं अभिनंदन लिहायला मन घेईना, आणि ते लिहायला हात धजेना. तेवढ्यात बाबांनी तुला फोन केला. त्यानंतर तू घाबरून मला विचारलंस, बाबा बरे आहेत ना, आणि मी "वय झालं गं त्यांचं" म्हणून विषय मिटवला. तेवढ्याने तुझं समाधान झालं नसणार. बाबांना वेड लागलेलं नाही, एवढं आधी सांगते. बाकीचं पहिल्यापासून ऐक.

आई जिन्यावरून घसरली, खुब्याचं हाड मोडलं, आत धातूची पट्टी बसवली, इथपर्यंत तुला माहीत आहे. पुढे ती जखम भरेचना. हाडांच्या डॉक्टरांनी परत उघडून बघितलं तर आत जंतू. कुठला, तर ओलीत राहणारा, मोऱ्यांत आणि नळ्यांत घर करणारा. मला हसावं की रडावं कळेना, कारण याच जंतूशी माझी रोजची कुस्ती असते. पोहण्याच्या तलावाच्या पाण्याची जबाबदारी माझ्याकडे आल्यापासून मी त्याला पाइपातून, गाळण्यातून, फरशीच्या फटींतून हुसकून लावतेय, आणि हा पठ्ठ्या माझ्याच आईच्या खुब्यात जाऊन बसला.

त्याच्यावर दोन औषधं सुरू केली, दोन्ही शिरेतून. पहिलं दिवसातून एकदाच, पण दणकून. दुसरं दिवसातून तीनदा. बाबांनी विचारलं, असं का? एकाला एकदा आणि दुसऱ्याला तीनदा, हा काय न्याय? वॉर्डातल्या तरुण डॉक्टरने फार छान सांगितलं. म्हणाला, आजोबा, तुमच्या शाळेत दोन तऱ्हेचे मास्तर असतील. एक यायचे, एक सणसणीत ठेवून द्यायचे आणि निघून जायचे. ते गेल्यावरही वर्ग कितीतरी वेळ चिडीचूप. पहिलं औषध तसं आहे. त्याचा जोर रक्तात ते किती उंच चढतं त्यावर, आणि एकदा चढलं की पुरतं उतरू द्यायचं, कारण रेंगाळलं तर ते कान आणि मूत्रपिंडं खातं. आणि दुसऱ्या तऱ्हेच्या बाई असतात, त्या मारत नाहीत, ओरडत नाहीत, नुसत्या वर्गात बसून असतात. त्या बाहेर गेल्या की गोंगाट सुरू. त्यांनी आवाज दुप्पट चढवून काही होत नाही, वर्गात हजर राहावं लागतं. दुसरं औषध असं आहे. शरीर ते भराभर बाहेर टाकतं, म्हणून परत परत द्यायचं, पातळी एका रेषेखाली जाऊ द्यायची नाही. बाबा खूश झाले. मी तर झालेच, कारण तलावात क्लोरीन मी याच हिशेबाने सोडते.

पहिलं औषध थोड्याच दिवसांत बंद केलं, आईच्या मूत्रपिंडांवर ताण नको म्हणून. रक्त तपासलं, आकडा ठीक आला. मग दुसऱ्या औषधाच्या भरलेल्या पिशव्या, दंडात बसवलेली एक बारीक नळी आणि भिंतीला ठोकायचा हूक, एवढं देऊन आम्हाला घरी पाठवलं. सकाळचा डोस लावायला सिस्टर यायची. दुपारचा आणि झोपायच्या आधीचा बाबा लावायचे. आयुष्यभर ड्राफ्ट्समन म्हणून नकाशे काढलेला माणूस, हात अजून स्थिर. नळीतला बुडबुडा टिचकी मारून वर पाठवताना त्यांची जी तंद्री लागायची ती मी त्यांच्या नोकरीनंतर पहिल्यांदाच पाहिली.

घरी येऊन चार-पाच दिवस झाले असतील. आई चहा पीत होती आणि एकदम तिचा हात उडाला. बाहीला धरून कुणी हिसका द्यावा तसा. चहा सांडला. ती ओरडली नाही, मला पुसायलाही सांगितलं नाही. स्वतःच्या हाताकडे बघत राहिली, शेजारणीचा हात चुकून आपल्या मांडीवर आल्यासारखी. मी म्हटलं, "भाजलं का?" ती म्हणाली, "भाजलं का." मी म्हटलं, "आई, थट्टा करतेस?" ती म्हणाली, "करतेस." आईच्या जिभेची धार तुला माहीत आहे, मला वाटलं आजारपणाला कंटाळून चावटपणा करतेय. पण आवाज सपाट होता. शेजारच्या खोलीत कुणी बोलावं आणि भिंतीतून ऐकू यावं तसा.

दुसऱ्या दिवशी मी तलावावरून दुपारची आले तर बाबा दारातच उभे. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, पायात बूट. घरात बूट! मी विचारलं कुठे निघालात, तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. आतल्या खोलीत पिशवी रिकामी होऊन लटकत होती. आई उशांना टेकून बसली होती, डोळे उघडे, पापणी हलत नव्हती. नजर आमच्याकडे नाही, खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीच्याही थोडी पलीकडे. आणि ती म्हणाली, "साहेब, बसा ना. उभे का?"

वहिनी, या घरात बाबांना साहेब कोण म्हणायचं ते तुला सांगायला नको. बाबा जन्मात कुणाचे साहेब नव्हते, म्हणून तर दादा त्यांना साहेब म्हणून चिडवायचा. आईने कधी म्हटलं नाही. ती त्यांना 'अहो' म्हणते, आणि रागावली की तेही म्हणत नाही. आता ती म्हणाली, आणि तोंडाचा डावा कोपरा तेवढा वर गेला. दादा हसायचा तसा. बाबा बसले. गुडघे जुळवून, हात मांडीवर ठेवून, मुलाखतीला आल्यासारखे.

मग हे रोजचंच झालं. बाबांना वेळ पाठ झाली होती. डोस संपला की काही मिनिटांत आईचे हात उडायला लागायचे, मग नजर लागायची, मग आवाज बदलायचा. संध्याकाळ उतरेपर्यंत चालायचं. सकाळी सिस्टर यायची ती डोस लावायच्या आधी, तेव्हा आई त्यातल्या त्यात बरी असायची, मलूल पण आपली आपण. "झोप झाली नाही तिची," बाबा सांगायचे, आणि सिस्टर पट्टी बदलून जायची. तिला दिसणार तरी काय? बाबा तिच्या यायच्या आधी आईचे केस विंचरून ठेवायचे.

आई बहुतेक वेळा समोरच्याच्या शेवटच्या शब्दांचा नुसता प्रतिध्वनी द्यायची. तलावाचा हॉल पहाटे रिकामा असतो तेव्हा हाक मारली की असाच आवाज परत येतो, शेवट तेवढा. पण बाबांचं बोलणं हळूहळू कसं बदलत गेलं ते मी बघितलं. पहिल्या दिवशी ते विचारायचे, "तू बरा आहेस का रे?" आणि आई म्हणायची, "आहेस का रे." त्याने त्यांचं पोट भरेना. मग ते असं विचारायला लागले, "तिथे थंडी वाजत नाही?" आणि खुर्चीपलीकडे बघत आई म्हणायची, "वाजत नाही." "आमच्यावर राग नाही?" "राग नाही." "गाडी गेली त्या वळणाची आता भीती नाही?" "भीती नाही." प्रश्नाच्या शेवटी उत्तर ठेवायचं आणि ते परत घ्यायचं. बाबांना आपण असं करतोय हे कळत होतं असं मला वाटत नाही. लहान मूल चालायला शिकतं तसे ते ही भाषा शिकले. मी भिंतीला टेकून ऐकत राहायचे.

तू म्हणशील, तू काय करत होतीस? मी बाबांना म्हटलं, डॉक्टरांना फोन करू. ते म्हणाले, "करू. उद्या करू." एकदा म्हणाले, "टिटवे, त्याच्याशी शेवटचं कुणालाच बोलता आलं नाही. ना तुला, ना मला, ना तिला. गाडी वळणावरून गेली आणि संपलं. आता दुपारचा तासभर मिळतोय तर तुझं काय जातंय?" आणि खोटं कशाला बोलू, एका संध्याकाळी बाबा स्वयंपाकघरात गेले तेव्हा मीही त्या खुर्चीच्या दिशेने हळूच म्हटलं, "दादा?" आई म्हणाली, "दादा." नुसता प्रतिध्वनी. तरी मी मान वर करून बघितलं नाही. बघायची छाती झाली नाही.

मग एका दुपारी मी आले तर आईच्या तोंडात सकाळच्या टोस्टचा घास तसाच होता. चावलेला नाही, गिळलेला नाही. मी बोट घालून काढला आणि तिला कळलंही नाही. मी बाबांना विचारलं नाही, सरळ गाडी बोलावली.

हॉस्पिटलात किडनीच्या डॉक्टरीणबाई आल्या, ठेंगण्या, केसांत पेन्सिल खोचलेली. त्यांनी आईला विचारलं, "आजी, नाव काय?" आई म्हणाली, "नाव काय." त्यांनी आईचे दोन्ही हात समोर पसरून धरले. पंजे उडायला लागले, पाण्याबाहेर काढलेल्या माशांसारखे. बाई लगेच म्हणाल्या, औषध थांबवा. मेंदूचा आलेख काढला तर त्यात एकसारख्या लाटा, एकामागून एक, माणूस शांत बसलेला असताना नसाव्यात तशा. मग त्यांनी मला कॉरिडॉरमध्ये घेऊन समजावलं. हे औषध जवळजवळ सगळं लघवीतून बाहेर जातं. मूत्रपिंडं धड असली तर दोन-तीन तासांत निम्मं, आणखी तेवढ्यात त्याच्या निम्मं. म्हणून तर ते तीनदा द्यावं लागतं. पण आईची मूत्रपिंडं पहिल्या औषधाने दुखावली होती, पाव हिश्शाने चालत होती. मी म्हटलं, आकडा तर ठीक होता. त्या म्हणाल्या, तो आकडा स्नायूंच्या झिजेतून येतो, आणि तुमच्या आईच्या अंगावर स्नायू आहेत कुठे? कचराच कमी, म्हणून गाळणी चांगली आहे असं वाटलं. तिचं वजन आणि वय धरून हिशेब केला की खरं दिसतं. औषध जायचं नाही, वरून नवं यायचं, आणि साचून साचून ते मेंदूत उतरलं.

मला एका क्षणात कळलं. मागे एकदा तलावाची बाहेर जाणारी झडप अर्धवट अडकली होती. क्लोरीन सोडणारं यंत्र मात्र आपल्या ठरल्या वेळेला थेंब सोडत राहिलं. कुणी काही चूक केली नव्हती, मात्रा तीच होती, वेळा त्याच होत्या. तरी दुपारपर्यंत पोरं डोळे चोळत बाहेर पळाली. किती घालायचं हे महत्त्वाचं असतंच, पण कितीदा घालायचं हे पाणी बाहेर कसं जातं त्यावर ठरतं.

पण जंतू शिल्लक होता, आणि त्याच्यावर चालणारं दुसरं काही आईला सोसणारं नव्हतं. म्हणून बाईंनी ठरवलं, साचलेलं उतरू द्यायचं आणि मग तेच औषध द्यायचं, पण दिवसातून एकदाच. जे शरीर सावकाश रिकामं होतं त्याला एकदाच पुरतं, पातळी रेषेच्या वरच राहते. बाबा माझ्या मागेच उभे होते. ते एकदम म्हणाले, "एकदाच? मग तो यायचा कधी?" बाईंना वाटलं, डोस लावायला येणाऱ्या माणसाबद्दल विचारतायत. त्या म्हणाल्या, "सिस्टर ना? ती सकाळी येईल की, आजोबा." बाबांनी मान डोलावली. मला त्या कॉरिडॉरमध्ये हसू फुटलं, आणि ते रडण्यात कधी गेलं ते कळलं नाही. तुझं पत्र मी त्यानंतरच, जिन्यात बसून वाचलं.

आई घरी आली. एकेक दिवस तिच्यातून ते उतरत गेलं. हात आधी थांबले. मग नजर परत आली, अगदी जवळच्या वस्तूंवर, चमच्यावर, माझ्या न विंचरलेल्या केसांवर. बाबा तरी दुपारी शर्ट बदलून बसायचे. एके दिवशी त्यांनी हळूच विचारलं, "आहेस ना?" आणि आई तिच्या स्वतःच्या, खणखणीत आवाजात म्हणाली, "कोण? आणि घरात बूट घालून काय बसलाय? काढा आधी, फरशी पुसलीय." बाबांनी बूट काढले. तिला मधल्या दिवसांतलं काहीही आठवत नव्हतं. तिच्या लेखी हॉस्पिटलमधून आलो आणि परत हॉस्पिटलमधून आलो, मधे रिकामं. आम्ही तिला काही सांगितलं नाही.

मला वाटलं, संपलं. पण काही दिवसांनी तलावाचा पंप बंद ठेवायचा होता म्हणून मी सकाळीच मोकळी झाले आणि घरी लवकर आले. दार उघडंच होतं. आतल्या खोलीत हुकाला पिशवी टांगलेली, नळीतून औषध चाललेलं. सिस्टर सकाळचा डोस देऊन केव्हाच गेली होती. तीनदाच्या हिशेबाने आणलेल्या जुन्या पिशव्या तिने परत नेल्या होत्या, पण एक बाबांनी फ्रीजमध्ये भाज्यांच्या खाली ठेवली होती. आई झोपली होती. बाबा खुर्चीत, इस्त्रीचा शर्ट, अनवाणी.

मी धावत जाऊन नळीची कळ बंद केली. ओरडायचं होतं, पण आई झोपलेली, म्हणून दात आवळून म्हटलं, "बाबा, मारायचंय का तिला?" त्यांनी मला अडवलं नाही. हात मांडीवरच होते. म्हणाले, "फक्त एकदा, टिटवे. त्याला सांगायचं राहिलंय." मी म्हटलं, काय राहिलंय? त्यांनी आईकडे बघितलं. "हेच, की आता येऊ नकोस. आई दमते."

मी खालीच बसले, फरशीवर. पिशवीतलं थोडंसंच गेलं होतं. मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या आधी चिडल्या, मग किती गेलं ते विचारलं आणि म्हणाल्या, एवढ्याने काही होत नाही, मूत्रपिंडंही आता निम्म्यावर सुधारलीत. मागच्या वेळेच्या आसपासही पातळी जाणार नाही, उद्या रक्त तपासू. मी बाबांना ते सांगितलं, म्हटलं, तो येणार नाहीये, बाबा. एवढ्यावर येत नाही. ते म्हणाले, बरं. आम्ही दोघं तिथेच बसून राहिलो. बाहेर कुणीतरी सायकल भिंतीला टेकवली, घंटा किणकिणली. दिवसाउजेडी, पडदे उघडे, खोलीत औषधाचा वास, सगळं अगदी रोजचं.

आणि आईने डोळे उघडले. हात उडत नव्हते. मी मुद्दाम बघितलं. दोन्ही पंजे पांघरुणावर स्वस्थ होते. नजर थेट बाबांवर. बाबा घाईघाईने, शाळेत पाठ म्हणावा तसे म्हणाले, "आता येऊ नकोस रे. आई दमते." मी प्रतिध्वनीची वाट बघितली. 'आई दमते' असं ती म्हणेल, म्हणून मी तयार होते. ती तसं म्हणाली नाही. ती म्हणाली, "बरं, साहेब." मग थोडं थांबून आणखी एक वाक्य. मग कूस बदलून झोपली. संध्याकाळी उठली तेव्हा चहा मागितला आणि साखर जास्त झाली म्हणून मला बोलली. दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं, सगळं जिथल्या तिथे. आता तर औषधाचा सगळा कोर्स संपलाय. जखम भरलीय, ती काठी घेऊन अंगणाच्या फाटकापर्यंत जाते आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला हटकते. बाबा दुपारचे झोपतात. खुर्ची त्यांनी स्वतः उचलून गच्चीच्या जिन्यात ठेवली.

ते दुसरं वाक्य आम्ही दोघांनी ऐकलं, पण वेगवेगळं. बाबांनी ऐकलं, "रविवारी सांगा." म्हणून त्यांनी रविवार येऊ दिला आणि तुला फोन लावला, त्याचा निरोप आहे एवढं म्हणाले आणि पुढे त्यांना बोलवेना. तू घाबरलीस ती त्याने. पण वहिनी, मी उशाशी बसले होते. आवाज जपून ऐकायची मला कामाची सवय आहे, पंपाचा सूर जरासा बदलला तरी मला कळतो. आई 'रविवारी' नाही म्हणाली. ती म्हणाली, "रविवारला सांगा." वाराला कुणी असं बोलत नाही. माणसाला बोलतात. आमच्या घरात रविवार नावाचं कुणी नाही, कधी नव्हतं. म्हणून हे सगळं लिहिलं, वहिनी, एवढं एकच विचारायला. दादा तुला, तुम्ही दोघंच असताना, कधी रविवार म्हणायचा का? नसेल म्हणत, तर दोन ओळी लिहून टाक. मी समजेन की थकलेल्या मेंदूत उरलेला एक शब्द होता, बाबांनाही तसं सांगेन आणि आम्ही सुखाने तुझ्या लग्नाला येऊ. म्हणत असेल, तरी त्याला कारण असू शकेल, आईच्या कानांवर कधी फोनवरचं काही पडलं असेल, मी स्वतःला तसं पटवीन. पण म्हणत असेल तर मला कळवू नकोस. लग्नाला आम्ही तरीही येऊच. फक्त मग ते वाक्य माझ्याकडे ठेवून घ्यायचा मला हक्क नाही, ते तुझं आहे, म्हणून जसं ऐकलं तसं इथे लिहून देते: "रविवारला सांगा, मी वाट बघत नाहीये."

तुझीच,
टिटवी